निदानानंतर गुंडाळून ठेवलेली टेप

तिशी ओलांडलेल्या माणसांच्या घरी आशा कार्यकर्ती एक फॉर्म घेऊन येते. सरकारी भाषेत त्याला सीबॅक म्हणतात. वय, तंबाखू, दारू, व्यायाम, आईवडिलांचे आजार असे मोजके प्रश्न त्यात असतात, आणि एक गोष्ट विचारून नव्हे तर मोजून लिहायची असते. ती म्हणजे कंबर. बाईची कंबर ८० सेंटीमीटरपर्यंत असेल तर शून्य गुण, ८१ ते ९० ला एक, त्यापुढे दोन; पुरुषांना दहा सेंटीमीटरची सवलत. बेरीज चारच्या वर गेली की तपासणीला प्राधान्याने पाठवायचं. चेन्नईच्या मद्रास डायबेटीस रिसर्च फाउंडेशनने २००५ मध्ये मांडलेलं गुणपत्रकही असंच वय, कंबर, हालचाल आणि आनुवंशिकता या चार खांबांवर उभं आहे. म्हणजे मधुमेह हुडकायला टेप लागते हे आपल्या आरोग्यव्यवस्थेने केव्हाच मान्य केलं आहे. गंमत पुढे आहे. तोच माणूस दवाखान्यात जातो, शुगर वाढलेली निघते, फाईल तयार होते. त्या फाईलमध्ये उपाशीपोटीची शुगर, जेवणानंतरची शुगर, दर तीन महिन्यांनी सरासरी साखर सांगणारा एचबीए१सी, बीपी आणि जमलं तर वजन लिहिलं जातं. कंबर पुन्हा कोणी मोजत नाही. रोग सापडेपर्यंत जिचा उपयोग होता, ती टेप रोग सापडताच ड्रॉवरमध्ये जाते. माझं आजचं म्हणणं एवढंच आहे, की तिचा खरा उपयोग तिथून पुढे सुरू होतो. आणि शरीराचं माप शेजारी नसेल, तर साखरेचा आकडा आपण अर्धाच वाचत असतो.

वजन तर लिहितातच ना, असं कोणी म्हणेल. वजन आणि उंची यांच्यावरून काढलेला बीएमआय हा जगभर चालणारा आकडा आहे. पण त्याचा जन्म दवाखान्यातला नाही. अदोल्फ केतले हा बेल्जियन संख्याशास्त्रज्ञ १८३० च्या दशकात ‘सरासरी माणूस’ कसा असतो याच्या शोधात होता, आणि वजनाला उंचीच्या वर्गाने भागायचं सूत्र त्या शोधातून आलं. त्याला आजचं नाव १९७२ मध्ये अमेरिकेतल्या अँसेल कीज यांनी दिलं. लोकसंख्येचा अंदाज घ्यायला ते बरं आहे. एका माणसाच्या शरीरात काय आहे हे मात्र त्याला सांगता येत नाही. याचा सगळ्यात बोलका पुरावा २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोन शास्त्रज्ञांनी स्वतःचीच शरीरं मोजून शेजारी शेजारी ठेवली. दोघांचा बीएमआय हुबेहूब सारखा, २२.३. कोणताही डॉक्टर दोघांनाही ‘वजन उत्तम आहे’ म्हणाला असता. यंत्राने चरबी मोजली तेव्हा युडकिन यांच्या अंगात ९.१ टक्के निघाली आणि याज्ञिक यांच्या अंगात २१.२ टक्के, म्हणजे दुपटीहून जास्त.

त्याच टिपणात लेखकांनी मिस्कीलपणे असंही नमूद केलं होतं, की युडकिन मॅरेथॉन धावतात आणि याज्ञिक यांची धाव रुग्णालयाच्या लिफ्टचं दार बंद होण्याआधी ते गाठण्यापुरती असते. मग हा फरक व्यायामाचाच नव्हे का? काही अंशी असेलही. पण याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्याजवळच्या सहा खेड्यांमध्ये १९९३ पासून चालवलेल्या अभ्यासाने या शंकेला परस्पर उत्तर दिलं. नुकतंच जन्मलेलं बाळ धावत नाही, की समोसेही खात नाही. त्या खेड्यांतली बाळं सरासरी २.७ किलोच्या आसपास भरली. तुलनेला घेतलेली इंग्लंडमधल्या साउदम्प्टनची बाळं साडेतीन किलोची. पुण्याकडच्या बाळांचे दंड बारीक होते, पोटही लहान होतं, म्हणजे स्नायू आणि आतले अवयव दोन्हींत ती कमी होती. खांद्याच्या पात्याखालची कातडी चिमट्यात धरून मोजली, तेव्हा चरबी मात्र जवळजवळ टिकून असल्याचं दिसलं. दिसायला किरकोळ आणि आतून चरबीचं, अशी ही ठेवण आईच्या पोटातच बसलेली असते. पुढे हे मूल शिकतं, शहरात येतं, खुर्चीवर बसतं. चाळिशीत त्याचं वजन ६४ किलो भरतं आणि ‘अंगाने काही सुटला नाही हं’ म्हणून घरचे निर्धास्त राहतात.

चरबी किती यापेक्षा ती कुठे आहे, हा प्रश्न साखरेच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा. मार्सेचे डॉक्टर जाँ वाग यांनी १९४७ मध्येच धडावरची चरबी आणि मांड्या-नितंबांवरची चरबी यांत फरक केला होता आणि पहिल्या प्रकाराचं नातं मधुमेहाशी आहे असं सांगितलं होतं. कातडीखालची चरबी तशी निरुपद्रवी. तिथली जागा भरली की जास्तीची चरबी पोटाच्या आत आतड्यांभोवती, यकृतात आणि थोडी स्वादुपिंडात शिरते. यकृताचं रात्रीचं काम म्हणजे आपण झोपलेले असताना रक्तात बेताची साखर सोडत राहणं. इन्सुलिन त्याला ‘पुरे’ म्हणतं. चरबीने भरलेलं यकृत ते ऐकत नाही, आणि रात्री दोन घास कमी खाल्ले तरी सकाळची उपाशीपोटीची शुगर १६० येते. रुग्ण चक्रावतो, घरचे संशय घेतात. दुसऱ्या बाजूला, इन्सुलिनच्या जोरावर रक्तातली साखर उचलून घेण्याचं मोठं काम स्नायू करतात, आणि आपल्याकडे कमी आहे ती नेमकी हीच गोष्ट. तेव्हा एकाच वजनात साखर ओतणारा भाग जास्त आणि साखर उचलणारा भाग कमी असू शकतो. ओला, सुका, प्लास्टिक असा सहा प्रकारे कचरा वेगळा करून देशात पहिला नंबर मिळवणाऱ्या या इंदूर शहराला हे समजावून सांगायला नको. काट्यावरचं वजन म्हणजे अजून वेगळा न केलेला डबा.

देशपातळीवरचे आकडेही हेच सांगतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९–२१ च्या पाचव्या फेरीत कंबर आणि नितंब यांचं गुणोत्तर पहिल्यांदाच मोजलं गेलं. बीएमआय लावला तर २४ टक्के स्त्रिया आणि २३ टक्के पुरुष जास्त वजनाचे ठरले. टेप लावली तेव्हा धोक्याच्या रेषेपलीकडे ५७ टक्के स्त्रिया आणि ४८ टक्के पुरुष निघाले. दोन मापांमधली ही दरी म्हणजे काट्याने ‘ठीक’ म्हणून घरी पाठवलेली माणसं. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर-इंडियाब अभ्यासात देशात १० कोटी १० लाख मधुमेही आणि १३ कोटी ६० लाख मधुमेहाच्या उंबरठ्यावरचे आढळले. पोटाचा लठ्ठपणा ३९.५ टक्के लोकांत, सर्वसाधारण लठ्ठपणा २८.६ टक्क्यांत. त्याच अभ्यासमालेनुसार आपण रोजच्या उष्मांकांपैकी सुमारे ६२ टक्के पिठूळ आणि गोड पदार्थांतून घेतो, तर प्रथिनांतून जेमतेम १२ टक्के. पोहे, वर मूठभर शेव, बाजूला जिलबी या आपल्या सकाळच्या बशीत ते प्रमाण बदलायला फारसा वाव नाही. सराफ्यातल्या रात्रीच्या खाण्याबद्दल मी इथे काही बोलणार नाही. सभागृहातली सहानुभूती एवढ्यातच गमावण्याची इच्छा नाही.

आता पहिला आणि सगळ्यात वजनदार आक्षेप. माप आणि साखर यांचं नातं इतकं पक्कं असेल, तर दवाखान्यातल्या शंभर मधुमेहींची वजनं आणि एचबीए१सी आलेखावर मांडल्यावर सरळ रेषा का दिसत नाही? जाड माणसाचा एचबीए१सी आटोक्यात आणि सडपातळ माणसाचा दहा, असं सर्रास दिसतं. निरीक्षण खरं आहे, पण त्यातून निघणारा निष्कर्ष खरा नाही. रक्तातली साखर साधारण १८० च्या वर गेली की ती लघवीतून वाहू लागते, आणि तिच्याबरोबर शरीराचे उष्मांकही. म्हणून शुगर हाताबाहेर गेलेला माणूस बारीक होतो. लग्नकार्यात नातेवाईक ‘छान उतरलात, काय करता हो?’ म्हणून कौतुक करतात, तेव्हा आत स्नायू वितळत असतात. उलट, उपचार लागू पडले की गळती थांबते आणि वजन चढतं. इंग्लंडमधल्या यूकेपीडीएस या मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष १९९८ मध्ये आले. कडक नियंत्रण ठेवलेल्या गटाचा एचबीए१सी दहा वर्षांत ७.० राहिला आणि नेहमीच्या उपचारांच्या गटाचा ७.९, पण कडक गटाचं वजन सरासरी २.९ किलोने अधिक वाढलं, इन्सुलिन घेणाऱ्यांचं चार किलोने. म्हणजे साखर उतरली आणि वजन चढलं. अशा वेळी एका दिवसाचा आलेख काढून नातं शोधणं म्हणजे कारण आणि परिणाम एकाच पिशवीत घालणं. त्याच माणसाची दोन्ही मापं काळाच्या ओघात शेजारी ठेवली, की अर्थ लागतो. शुगर उतरली, वजन तीन किलोंनी वाढलं आणि कंबर तिथेच आहे, तर भर बहुधा हातापायांवर पडली, काळजी नको. शुगर उतरली पण कंबरही चार सेंटीमीटर वाढली, तर औषध साखर दाबतंय आणि मूळ कारण वाढतंय. वर्षा-दोन वर्षांत गोळ्या वाढणार हे आजच कळतं. वजन आणि शुगर दोन्ही उतरली, कंबर मात्र हलली नाही, तर काय गेलं याची चौकशी करायला हवी. या तिन्ही माणसांच्या रिपोर्टवर एचबीए१सी ७.१ असू शकतो.

माप खाली आणल्याने साखर खरोखर खाली येते का, हा पुढचा प्रश्न. नाहीतर टेप नुसती साक्षीदार ठरेल. ब्रिटनमधल्या डायरेक्ट या चाचणीत, २०१७ मध्ये, ३०६ रुग्ण होते. आहाराने वजन उतरवलेल्या गटातल्या ४६ टक्के लोकांचा मधुमेह वर्षभरात औषधांविना माघारला. १५ किलो किंवा अधिक उतरवणाऱ्यांत हे प्रमाण ८६ टक्के. पण ते सगळे जाड होते, त्यांचा आपल्याशी काय संबंध? म्हणून त्याच चमूतल्या रॉय टेलर यांचा २०२३ मधला छोटा अभ्यास मला अधिक मोलाचा वाटतो. त्यात अवघे २० रुग्ण होते आणि त्यांचा सरासरी बीएमआय होता २४.८, म्हणजे युरोपीय फूटपट्टीने धडधाकट. त्यांनी वजनाच्या साधारण दहा टक्के उतरवले, यकृतातली चरबी घटली, आणि वीसपैकी १४ जणांचा मधुमेह माघारला. टेलर यांचं म्हणणं असं, की प्रत्येक शरीराची चरबी सुखरूप साठवण्याची मर्यादा वेगळी असते. ती ओलांडली की मधुमेह, मग काटा काहीही म्हणो. भारतीय शरीराची मर्यादा लवकर येते, हे पुण्याच्या बाळांनी आधीच सांगून ठेवलं होतं.

याविरुद्ध चेन्नईतून आलेला एक पुरावा टाळून पुढे जाणं अप्रामाणिकपणाचं होईल. डॉ. ए. रामचंद्रन यांच्या चमूने ५३१ जणांवर केलेला प्रतिबंधाचा अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. चालणं आणि आहार यांवर भर दिलेल्या गटात मधुमेह होण्याचा धोका २८.५ टक्क्यांनी घटला, आणि वजन घटलंच नाही. मग मापाची मातब्बरी ती काय? माझ्या मते हा पुरावा काट्याच्या विरोधात जातो, शरीराच्या मापाच्या नाही. रोज चालणाऱ्या माणसाचे स्नायू वजन न बदलताही अधिक साखर उचलू लागतात. जे बदललं ते काट्याला दिसलं नाही, इतकंच. मात्र एक कबुली यातून द्यावीच लागते: कंबर हलली नाही म्हणून चालणं सोडून देण्याचं काही कारण नाही. टेपही सगळं पाहू शकत नाही.

टेपच्या नजरेबाहेरचा एक मोठा गट तर आपल्याकडेच आहे. खरोखर कृश मधुमेही. चरकसंहितेत स्थूल आणि बलवान प्रमेही वेगळा, कृश आणि दुर्बळ प्रमेही वेगळा असं सांगून पहिल्याला शोधन आणि दुसऱ्याला पोषण देणारे बृंहण उपचार सांगितले आहेत. आपल्या पूर्वजांना सगळं ठाऊक होतं अशा सुरात मी हे सांगत नाही. पण हा भेद आधुनिक वैद्यकाने मध्यंतरी विसरून पुन्हा शोधला, हे खरं. लहानपणापासूनच्या कुपोषणाशी जोडलेल्या मधुमेहाला आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाने २०२५ मध्ये ‘टाइप ५’ म्हणून वेगळी ओळख दिली, आणि वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजच्या संशोधनाचा त्यात मोठा वाटा आहे. या रुग्णांत इन्सुलिनला विरोध होत नाही, इन्सुलिनच कमी तयार होतं. अशा, ७० सेंटीमीटर कंबरेच्या माणसाला ‘वजन कमी करा, भात सोडा’ म्हणणं हा अपराध आहे. पण तो अपराध टाळायचा कसा? कंबर मोजूनच. शुगर २८० आणि कंबर उंचीच्या निम्म्याहून बरीच कमी, असं दिसलं की डॉक्टरने थबकायला हवं, शरीर स्वतः किती इन्सुलिन बनवतं हे दाखवणारं सी-पेप्टाइड तपासायला हवं, इन्सुलिनचा विचार लवकर करायला हवा. टेप इथे उपचार सांगत नाही, नेहमीच्या उपचारांची गाडी थांबवते. झाबुआ, आलिराजपूर, बडवानीकडून मोठ्या दवाखान्यासाठी इंदूर गाठणाऱ्या रुग्णांचा विचार केला, तर ही बाब पुस्तकी नाही.

टेपवर आणखी एक आक्षेप येतो तो अचूकतेचा. एका नर्सने ९४ लिहिलं, दुसरीने ९७. एचबीए१सी मात्र प्रयोगशाळेतून दशांश चिन्हासकट येतो. हे खरंच आहे, आणि त्याचं कारण बहुतेकदा जागा चुकण्यात असतं. पुरुषांना विचारलं तर ते पँटचा नंबर सांगतात, आणि पँट तर पोटाखाली घसरलेली असते. पोट वर्षानुवर्षं वाढतं आणि ‘चौतीस’ कायम राहतो. बायकांच्या बाबतीत परकराच्या नाडीचा वळ म्हणजेच कंबर धरली जाते. जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलेली जागा वेगळी आहे. कुशीत बोटाने चाचपून शेवटची बरगडी शोधायची, खाली कमरेच्या हाडाचा वरचा काठ शोधायचा आणि दोहोंच्या मधोमध टेप आडवी, जमिनीला समांतर धरायची. माणसाने पाय जवळ ठेवून सरळ उभं राहायचं, सहज श्वास सोडायचा आणि त्या क्षणी आकडा वाचायचा. पोट आत ओढायचं नाही, हे आवर्जून सांगावं लागतं. टेप कपड्यावरून नको आणि रुतेल इतकी आवळूनही नको. एकाच व्यक्तीने, एकाच पद्धतीने मोजलं तर वर्षभरातला फरक भरवशाने कळतो. दोन सेंटीमीटरवर वाद घालू नये, सहावर घालावा. आणि एचबीए१सी तरी निर्दोष आहे का? तो तांबड्या पेशींवर चढलेली साखर मोजतो, म्हणून तांबड्या पेशीच बिघडलेल्या असल्या की तोही चकवतो. लोहाच्या कमतरतेत तो खऱ्याहून जास्त दिसू शकतो, आणि पाचव्या फेरीच्या त्याच सर्वेक्षणात १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या. सिकलसेल आजारात पेशींचं आयुष्यच तोकडं असल्याने तो खोटा दिलासा देतो. ज्या आजाराच्या निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम १ जुलै २०२३ रोजी आपल्याच मध्य प्रदेशातल्या शहडोलमधून सुरू झाली, तोच हा. दोन सदोष मापं एकमेकांना पडताळू शकतात, एका मापाला ती सोय नाही.

कंबर मोजल्याने माणसाला लाज वाटते, विशेषतः बायकांना, असंही म्हटलं जातं. लाज माप घेण्याच्या रीतीतून येते. पडद्याआड, बाईने बाईचं, शेरा न मारता घेतलेलं माप बीपीच्या पट्ट्याइतकंच साधं असतं. कुणाला तेही नको असेल तर घरी मोजून आकडा आणावा.

वेळ नाही, हा डॉक्टरांचा आक्षेप. एमवायसारख्या सरकारी रुग्णालयाच्या ओपीडीतली रांग ज्यांनी पाहिली आहे, ते या आक्षेपाला हसणार नाहीत. पण हे काम डॉक्टरने करायचंच नाही. जी व्यक्ती वजन घेते आणि बीपी बघते तिच्याच टेबलावर टेप असली की एक मिनिट लागतं, आणि उंची एकदाच मोजावी लागते. कंबर उंचीच्या निम्म्याच्या आत, हा ब्रिटनच्या नाइस संस्थेने २०२२ मध्ये स्वीकारलेला नियम आपल्या ९० आणि ८० च्या मर्यादांना धरूनच आहे; १६० सेंटीमीटर उंचीच्या बाईला तो बरोबर ८० सांगतो. उंच-बुटक्या माणसांच्या बाबतीत उलट तोच अधिक न्याय्य ठरतो.

हा सगळा विषय आता निकडीचा झाला आहे तो नव्या इंजेक्शनांमुळे. टिर्झेपटाइड मार्च २०२५ मध्ये भारतात आलं, आणि सेमाग्लुटाइडच्या भारतातल्या पेटंटची मुदत मार्च २०२६ ची, म्हणजे स्वस्त पर्यायांना वाट मोकळी. ही औषधं साखर आणि वजन दोन्ही उतरवतात, तेव्हा मोजायचं कशाला, असं आता विचारलं जाईल. उतरलेल्या वजनाचा साधारण चौथा हिस्सा, काही अभ्यासांत त्याहूनही जास्त, चरबीखेरीजचा असतो. त्यात स्नायू येतात. भरपूर स्नायू असलेल्या युरोपीय माणसाला ते परवडेल. ज्याच्या दंडात जन्मापासूनच बेताचं मांस आहे, त्या साठीच्या माणसाचे आठ किलो उतरले आणि त्यात मांड्या गेल्या, तर काटा शाबासकी देईल, एचबीए१सीही देईल, आणि तो माणूस हाताचा आधार घेतल्याशिवाय खुर्चीवरून उठू शकणार नाही. म्हणून इंजेक्शन लिहून देण्याच्या दिवशीच उंची, वजन, कंबर, पिंढरीचा घेर आणि हात छातीशी बांधून खुर्चीवरून पाच वेळा उठायला लागलेले सेकंद एवढं फाईलच्या पहिल्या पानावर लिहावं, आणि दर तीन महिन्यांनी एचबीए१सीच्या शेजारच्या रकान्यात पुन्हा लिहावं. डॉक्टरांनी लिहिलं नाही, तर रुग्णाने मागून घ्यावं.